झेंडी भेटली

कपाशीची पऱ्हाटी उपटली की जमीन मोकळी होते, आणि मोकळी जमीन दिसली की आमच्याकडच्या माणसाला तिच्यावर काहीतरी पळवावंसं वाटतं. आधी बैल पळवत होते, आता गाड्या पळवतात. हिवाळा मात्र तोच आहे. सकाळी अंगणात धुकं. भाजीच्या हातगाडीवर सांबाराचे ढीग. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो आणि त्याच्या वड्या याच दिवसांत करतो. संत्र्याच्या सालीचा वास बोटांना दिवसभर धरून राहतो. दुपारी ऊन चढलं की मोकळ्या वावरातून बारीक करडी धूळ उठते, पिठासारखी. ती पदरावर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, माठावर झाकण असलं तरी आत जाते.

मागच्या हिवाळ्यात माझा मुलगा दिलीप या धुळीत गेला. गाड्यांच्या शर्यतीत. हौसेची शर्यत, तिच्यात कुणाचं पोट भरत नाही. हे मी रडत सांगत नाही. रडायचं तेवढं रडून झालं. आता मला राग येतो, आणि या दिवसांत तो जास्त येतो, कारण हिवाळा आला तसे ते लोकही परत आले.

आधी त्यांचा फ्लेक्स आला. हुडकेश्वरच्या चौकात, औषधाच्या दुकानावर, चांगला घराच्या भिंतीएवढा. त्यावर धुळीतून येणारी दिलीपची गाडी आणि तिच्या खिडकीतून बाहेर निघालेला, उंच उचललेला त्याचा हात. तोंड हेल्मेटात. खाली लाल अक्षरांत ‘अखेरचा सलाम’, आणि त्याच्या खाली ‘दिलीप स्मृती चषक’. कडेनं हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो. त्यांची तोंडं दिलीपच्या गाडीएवढी.

भाजीवाली म्हणाली, “मावशी, तुमचाच नं हा? मरता मरता सलाम करून गेला बाई.”

“सलाम नाही वं तो,” मी म्हटलं.

मग काय, असं तिनं विचारलं. मी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि घरी आले. चौकात उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं. इथे सांगते.

माझं माहेर सावनेरच्या पलीकडचं. आमच्या गावात शंकरपट भरे, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. एका वेळी एकच जोडी सुटे, आणि तिला किती वेळ लागला ते घड्याळावर मोजत. जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणत. वाटेच्या शेवटाला एक माणूस लाल झेंडी घेऊन उभा राही. माझ्या लहानपणी तो माणूस म्हणजे माझा बाप. जोडी सरळ येत असली, वाट सोडून वाकडी गेली नसली, की बाप झेंडी उंच धरी. त्याचा अर्थ, तुझी धाव खरी धरली, ये, आता जोर लाव. धुरकऱ्याला झेंडी दिसली की तो एक हात वर करी. पाहिली, आलो. आणि मग बैलांना असा काही आवाज देई की ते पोट जमिनीला लावून धावत. लोक म्हणत, झेंडी भेटली. ज्याला झेंडी भेटली नाही त्याची जोडी वाऱ्यासारखी पळाली तरी तिचा उपयोग नाही.

ती झेंडी माझ्या मायच्या फाटक्या लुगड्याची असे. पटाला बाया जात नसत, पण झेंडीवाल्याची पोरगी म्हणून मी बापाच्या मागे धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसे. जोडी दिसायच्या आधी जमीन कळवते. बसल्या जागी पायांच्या तळव्यांना थरथर लागते. मग धूळ दिसते, मग शिंगं, आणि सगळ्यात शेवटी आवाज. बैल समोरून गेले की गरम श्वासाचा आणि कडब्याचा वास येई, आणि दात करकर वाजेपर्यंत तोंडात माती. बाप खोकत खोकत झेंडी खाली घेई. कधी एखादी जोडी उधळून माणसांत घुसे. तेव्हा बाप झेंडी काखेत दाबून उभा राही, बस. ‘थांबा’ असं सांगायला आमच्या पटात झेंडीच नव्हती. बैलाला थांब कोण सांगणार? तो दमला की थांबतो.

दिलीपच्या हिवाळ्याच्या सुट्ट्या तिकडेच जायच्या. आजोबाच्या खांद्यावर बसून त्यानं पट पाहिला. तिथून तो शब्द आमच्या घरात आला तो कायमचा. शाळेत पास झाला, दारातूनच ओरडला, “माय, झेंडी भेटली.” हिंगण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला, कंपनीच्या बसमधून उतरून चालत येताना लांबूनच हात वर केला. मी ओट्यावर होते. मला तेवढ्यावरून समजलं. सविताच्या घरच्यांनी लग्नाला होकार दिला त्या दिवशीही तेच. आमच्या घरात वर केलेल्या हाताचा दुसरा काही अर्थ कधी नव्हता.

आता गाड्यांचं सांगते. हुडकेश्वरला शेखरचं टायरचं दुकान आहे. दिलीपचा शाळेपासूनचा मित्र. त्यानं चार-दोन हौशी लोक जमवले, मग त्यांचे मित्र, मग मित्रांचे मित्र. कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, कोणी बापाच्या दुकानात. जुनी भंगारात निघालेली गाडी घ्यायची, आतलं सगळं उपटायचं, लोखंडी पाइपांचा पिंजरा आत वेल्ड करायचा आणि रविवारी कुणाच्या तरी पडीत वावरात गोल-गोल पळवायची. दिलीपची गाडी आमच्याच अंगणात उघडी झाली. आठ-पंधरा दिवस घरात जळक्या रंगाचा वास. मी चहा करून करून कंटाळले. गाडीची मागची सीट काढून त्यांनी ओट्याला लावून ठेवली आणि तिच्यावर बसून ते तास न् तास बोलत, कुठलं टायर कुठं घसरतं, वळणावर पाय कधी काढायचा. लग्न झालेली, पोरंबाळं असलेली माणसं, पण बोलताना डोळे असे की कालच मिसरूड फुटली आहे. मला ते पाहायला वाईट वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवते. कारखान्याच्या शिफ्टनं वाकलेला माणूस रविवारी सरळ होत असेल तर होऊ दे, असं मला वाटे.

माझा राग गाडीवर नाही. गाडी लोखंड आहे.

माझा राग लिंबावर आहे. आमच्या घरात लिंबू-मिरची कधी दाराला बांधली नाही. माझ्या सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हाच ते सगळं उचलून बाहेर टाकलं, आणि माझा मालक तर असा होता की लिंबू फक्त वरणात पिळायचा. आणि या शर्यतीवाल्यांकडे पाहा. इंजिनाचं शिकलेले, मोबाईलवर परदेशातल्या शर्यती पाहणारे, आणि सुटायच्या आधी प्रत्येकाच्या चाकाखाली एक लिंबू. ते चिरडून गाडी पुढे गेली की मगच बरं. मी दिलीपला म्हटलं, हे काय गा. तर हसला. “माय, पोट्ट्यायचं मन राखा लागते.” लिंबं आणायला माणूस ठरलेला होता. कोणती झेंडी कशाची, हे प्रत्येकाला समोर बसवून सांगायला माणूस ठरलेला नव्हता.

या लोकांच्या झेंड्या वेगळ्या. हिरवी म्हणजे सुटा. पिवळी म्हणजे पुढे गडबड आहे, हळू. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची म्हणजे शर्यत संपली. आणि लाल म्हणजे थांबा, जिथे आहात तिथे. हे मला नंतर समजलं. दिलीपनंही कधीतरी ऐकलं असेल. तो काही पहिल्यांदा पळत नव्हता. पण त्या वावरांत तोवर लाल कधी निघालीच नव्हती. कानानं ऐकलेलं एक असतं आणि हाडात बसलेलं एक. गाडी जोरात असताना माणूस कानाला विचारत नाही.

त्या रविवारी मी होते. हिंगण्याच्या पुढचं वावर, सोयाबीन काढून नांगरलेलं आणि रोलर फिरवून दाबलेलं. मला त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, डोक्यावर छत्री लावली. डीजे वाजत होता. धूळ बसावी म्हणून पाण्याचा टँकर आणला होता आणि दर शर्यतीच्या आधी तो वाटेवर पाणी मारत होता. दुपारी पाहुणे आले, उशिरा. त्यांना लवकर निघायचं होतं. मग भाषण झालं, हार झाले, आणि पाणी मारायचं राहिलं. टँकर वळणाच्या पुढे कडेला तसाच उभा. कोणीतरी म्हणालं, एकच शर्यत आहे, काय होते. मी ते वाक्य या कानांनी ऐकलं. आमच्या नागपुरात त्या वाक्यावर किती गोष्टी चालतात ते पाहा. काय होते. गॅसची नळी जुनी झाली, काय होते. लेकराला टाकीवर बसवून गाडी चालवली, काय होते.

गाड्या सुटल्या आणि धुळीची भिंत उभी राहिली. पुढची एक गाडी वळणाच्या पलीकडे उलटली. तिच्यातला माणूस खिडकीतून बाहेर निघाला, त्याला खरचटलंसुद्धा नाही, बरं झालं. वळणावर झेंड्यांसाठी एक जण उभा केलेला होता. त्यानं लाल काढली. हात ताठ करून डोक्याच्या वर धरली, हलवली नाही. अगदी माझा बाप धरायचा तशी.

दिलीप वळणातून बाहेर आला. त्याला लाल दिसली. त्याचा हात खिडकीतून बाहेर आला आणि वर गेला.

मी खुर्चीतून उठले, कारण पुढे काय होणार ते मला माहीत होतं. त्या मैदानावर एवढी माणसं होती, पण त्या हाताची भाषा येणारं दुसरं कोणी नव्हतं. गाडीचा आवाज चढला. बाकीचे म्हणतात आवाज फाटला. फाटला नाही, चढला. त्यानं जोर लावला. मी ओरडले असेन, मला आठवत नाही, डीजे चालूच होता. तो धुळीत शिरला, आत उलटी पडलेली गाडी त्याला दिसली असणार, कारण तो तिला चुकवायला वळला आणि टँकरवर गेला. टँकर पाण्यानं भरलेला होता. सगळं पाणी तिथे सांडलं आणि तेवढ्या जागेची धूळ बसली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी शेखरला सांगितलं. म्हटलं, त्यानं झेंडी पाहिली, आणि पटातली समजला. शेखर खाली बसला. त्याचा आजा-पणजा कोणी पटात नव्हता, त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं तोंडावर हात ठेवला. आणि मग जे बोलला ते मी विसरणार नाही. “काकू, हे आता कोणाले सांगू नका.”

पंचनामा झाला, ब्रेक फेल असं बोललं गेलं. हात मदतीसाठी वर केला, असं ठरलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ते सगळे आले, पांढरे शर्ट घालून, विहारात मागच्या सतरंजीवर बसले. त्यांच्यातला एक माझे पाय धरून म्हणाला, आजी, लिहिलेलं होतं. मी विचारलं, कोणी लिहिलं, त्याचं नाव सांग. तो उठून गेला. नियती म्हणा, नशीब म्हणा, वरच्याची मर्जी म्हणा. टँकर तिथे वरच्यानं उभा केला नव्हता.

मग हिवाळा सरला. उन्हाळाभर आणि पावसाळाभर मला दिलीपच्या गाडीचा शर्यतीतला नंबर भेटत राहिला. त्यांनी त्याचे स्टिकर छापून घेतले आणि आपापल्या गाड्यांच्या मागच्या काचेवर चिकटवले, पांढऱ्या गोलात काळा सत्तावीस. हा त्यांचा शोक. मी रिक्षात बसून जात असते आणि सत्तावीस नंबर माझ्या बाजूनं सिग्नल तोडून निघून जातो. एकदा रिक्षावाला मागून शिवी घालून म्हणाला, असे मरतात मग.  त्या काचेवर माझा मुलगा होता.

आणि आता सलाम. एका माणसाचा एक हात. मेला तेव्हा मदत मागत होता, आता वर्ष व्हायला आलं तर सलाम करतो. जे खरं होतं तेवढंच कोणी छापलं नाही.

फ्लेक्स लागला त्याच आठवड्यात शेखर घरी आला. संत्री घेऊन आला, आणि त्याच काढलेल्या सीटवर बसला. वाळलेला दिसत होता. त्यानं पुष्कळ दिवस स्वतः गाडी चालवली नाही, हे मला सवितानं सांगितलं होतं. चषक दिलीपच्या नावानं आहे, सगळे पोट्टे तयारीला लागले आहेत, उद्घाटन माझ्याच हातानं करायचं आहे, हिरवी झेंडी मीच दाखवायची, असं त्यानं एका दमात सांगितलं.

“आणि लाल कोण दाखवणार?” मी विचारलं.

“लालचं आता कायले काढता, काकू. शुभ बोला.”

मी संत्रं सोलत होते. ते हातात तसंच राहिलं. म्हटलं, “काहून गा शेखर, तो हात कायचा होता तुले माहीत हाय नं?”

 तो म्हणाला की माहीत आहे, रोज रात्री माहीत असतं. पण माईकवर तसं सांगितलं तर लोक म्हणतील आयोजकांची चूक, मग पुढे परवानगी मिळणार नाही, आणि पोट्टे खचतील.

“चूक होती का नव्हती?”

“होती. पन एकट्याची नाही, काकू.”

“मंग सगळ्यायची सांग.”

तो रडला. खरंच रडला, नाटक नाही, खांदे हलत होते. मी त्याला पाणी दिलं. त्याचंही माणूस गेलं, हे मी नाकारत नाही. या लोकांचं दुःख खोटं आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण त्यांच्या दुःखाला फक्त मोठं व्हायला येतं. फ्लेक्स मोठा, चषक मोठा, आवाज मोठा. त्याला एक साधं काम सांगा, की बाबा, पुन्हा कोणी मरणार नाही एवढं बघ, तर ते म्हणतं शुभ बोला.

मी त्याला सांगितलं, येते. पण शर्यतीच्या आधी सगळ्या गाड्या एकेक करून सोडायच्या, आणि लाल झेंडी मी धरीन. जो तो आपल्या डोळ्यांनी ती पाहील आणि माझ्यासमोर थांबेल. सगळे थांबले तर तुमची हिरवी दाखवते. एक जरी थांबला नाही, तर दिलीपच्या नावानं काही पळवायचं नाही.

“हाव काकू, तुम्ही म्हणता तसंच,” तो म्हणाला. म्हाताऱ्या बाईला जसं हो म्हणतात तसं म्हणाला.

सविता, माझी सून, आत शिलाई मशीनवर होती. तो गेल्यावर बाहेर आली. ती कमी बोलते. म्हणाली, “आई, सलाम राहू द्या नं. लोकं चांगलं बोलतात त्याच्याबद्दल.”

हे मला शेखरच्या रडण्यापेक्षा जड गेलं. तिच्याजवळ उरलेल्या थोड्या गोष्टींत लोकांचं चांगलं बोलणं होतं, आणि ते मी काढून घेत होते. मी तिला पटाची गोष्ट सांगितली. झेंडी भेटणं तिला माहीत होतं, आमच्या घरात कुणाला माहीत नाही, पण त्या हाताशी तिनं ते जोडलं नव्हतं.  मग तिनं विचारलं, म्हणजे तो घाबरला नव्हता? मी म्हटलं, नाही. त्याला वाटलं तो जिंकला. ती आत गेली आणि पुष्कळ वेळानं मशीन पुन्हा सुरू झाली.

रविवारी मी गेले. वावर दुसरं होतं, पण धूळ तीच. या वेळी पाणी मारलेलं होतं, ते मान्य करते, आणि टँकर लांब झाडाखाली उभा होता. बाकी सगळं तसंच. लिंबांची टोपली होती. डीजे होता. फ्लेक्स इथेही होता, त्याला हार घातलेला, आणि वाऱ्यानं तो हात हलत होता. श्रद्धांजलीला एक मिनिट गप्प राहायचं ठरलं. अर्ध्यातच कोणीतरी हॉर्न दाबला, मग सगळ्यांनी दाबले, आणि ते इतके खूश झाले की मिनिट कधी संपलं ते कुणाला कळलं नाही. माईकवाल्यानं हिंदीत सांगितलं, सभी ड्रायव्हर ध्यान दें, रेड मतलब स्टॉप. एकदा. डीजेचं गाणं बारीकही न करता.

मी घरून झेंडी नेली होती. माझ्या जुन्या लाल पातळाचा तुकडा, तुरीच्या काडीला, तुराटीला बांधलेला. शेखरनं त्यांची देऊ केली, चकचकीत, प्लॅस्टिकच्या दांडीची. मी म्हटलं, राहू दे. वळणाच्या पुढे उभी राहिले. लोक हसत होते, मोबाईल काढत होते. आजी रेफरी, असं कोणीतरी म्हणालं. शेखर माझ्या बाजूला माईक घेऊन उभा होता. घोषणा त्यालाच करायची होती की आजींनी पाहिलं, सगळे थांबले, आता सुरू करू.

पहिली गाडी आली. मी झेंडी वर धरली. ती थांबली, माझ्यापासून चांगल्या अंतरावर, आणि आतला माणूस मान लववून हसला. दुसरी थांबली. तिसरी जरा घसरत थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेखरचं तोंड थोडं उजळलं. मलाही वाटलं, चला, एवढं तरी शिकले.

मग एक पांढरी गाडी आली. वळण घेताना तिच्या मागच्या काचेवर सत्तावीस दिसला. चालवणारा नवखा होता, या हिवाळ्यातच आलेला, सावनेरकडच्या कुठल्याशा गावचा. गाडी वळणातून बाहेर पडली. समोर मी, डोक्यावर पदर, हात ताठ, लाल झेंडी.

तिच्या खिडकीतून हात बाहेर आला आणि वर गेला.

पायाखाली जमीन थरथरली. आवाज चढला. ती माझ्या अंगावरून वारा घेऊन गेली, झेंडी तुराटीला गुंडाळली गेली, तोंडात माती आली. कोणी एक-दोघांनी टाळी वाजवली आणि ती मध्येच सोडून दिली. डीजेवाल्यानं गाणं बंद केलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी शेखरकडे पाहिलं. त्याला आता समजून घ्यायला वेळ लागला नाही. माईक त्याच्या हातात तसाच होता, चालू, आणि त्याच्या श्वासाचा आवाज सगळ्या वावरावर ऐकू येत होता.

गाडी पुढे जाऊन थांबली. आतून एक तरणा माणूस उतरला, हेल्मेट काखेत मारलं आणि पळत पळत आमच्याकडे आला. घामानं केस कपाळाला चिकटलेले. एवढा आनंद मी पुष्कळ दिवसांत कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता.

“आजी,” तो म्हणाला, आणि माईक चालू होता म्हणून ते शेवटच्या गाडीपर्यंत गेलं, “झेंडी भेटली नं मले?”

 तो आमच्या तोंडांकडे पाहत राहिला. हसू अजून गेलं नव्हतं, पण थांबलं होतं.

मी त्याला विचारलं, “तुही माय हाय का?”

“हाय नं आजी. घरी हाय.”

मी झेंडी तुराटीवरून सोडली, घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

“मंग जाय,” म्हटलं, “तिच्यापाशी जाय.”